समुद्राच्या पाण्याची अंघोळ

गेल्या माघ महिन्यात माझ्या बहात्तर वर्षांच्या सासूबाई पहाटेच्या वेळी पॅसिफिक महासागरात उतरल्या, आणि त्यात माझी काहीही चूक नव्हती. हे मी सुरुवातीलाच सांगून टाकते, कारण आमच्या घरात या विषयावर अजूनही दोन तट आहेत. एका तटात मी आहे. दुसऱ्यात बाकीचे सगळे.

आम्ही तोक्योतल्या निशी-कसाईत राहतो. मी, माझा नवरा मकरंद आणि आमची दहा वर्षांची सानिका. मकरंद रोज सकाळी कावासाकीला ऑफिसला जातो आणि जाताना एक वाक्य टाकून जातो : "मेघना, तुझं जपानी चांगलं आहे, तू बघ." या एका वाक्यावर त्याने कचऱ्याचं वर्गीकरण, शाळेच्या चिठ्ठ्या, वॉर्ड ऑफिस, गॅसवाला आणि वरच्या मजल्यावरच्या आजींची तक्रार, एवढं सगळं माझ्या गळ्यात घातलं आहे. हे कौतुक नसून कामाची वाटणी आहे, हे कळायला मला पाच वर्षं लागली.

माझं जपानी खरोखर चांगलं आहे. एका बेकरीत मी पार्टटाइम काम करते, गिऱ्हाइकांशी बोलते, तीनचारशे चित्राक्षरं ओळखते. उरलेली अंदाजाने वाचते. (अंदाज कसला बांधायचा, हेही एक ज्ञानच आहे.) सानिका जपानी शाळेत जाते, त्यामुळे तिला सगळंच येतं, पण तिला विचारायचं म्हणजे आईपणाचा कमीपणा. शिवाय ती उत्तर एकाच शब्दात देते : "चिगाउ." म्हणजे 'चूक'.

तर अशा घरात माझ्या सासूबाई वाईहून तीन महिन्यांसाठी राहायला आल्या. सासूबाई वाईट नाहीत. कधी टोचून बोलत नाहीत, भांडत नाहीत. फक्त तेरा वर्षांत त्यांनी माझ्या एकाही गोष्टीला 'छान' म्हटलेलं नाही. त्या "बरंय" म्हणतात. पुरणपोळी केली, बरंय. मुलगी झाली, बरंय. निशी-कसाईचा सहाव्या मजल्यावरचा फ्लॅट, त्यातून दिसणारी नदी, बटण दाबल्यावर गाणं म्हणून भात शिजला असं कळवणारा कुकर. बरंय. आठ दिवसांत त्या इथला कचरा माझ्यापेक्षा नीट वेगळा करायला लागल्या, आणि पंधराव्या दिवशी खिडकीशी बसून म्हणाल्या, "तुमचं चालू द्या. मी आहे आपली."

हे वाक्य मी ओळखते. या वाक्यानंतर माणूस वाईला परत जातो आणि तिथे विचारणाऱ्या प्रत्येकाला सांगतो, "सगळे कामात असतात हो बिचारे."

मला ते नको होतं. म्हणून वॉर्डच्या सूचनाफलकावर जेव्हा ते पत्रक दिसलं, तेव्हा मी ते अक्षरशः झडप घालून घेतलं. वर उगवत्या सूर्याचं चित्र. खाली लिहिलेलं : सूर्योदय पाहण्यासाठी वाटाड्यासोबत पायी फेरी, चिबाचा पूर्व किनारा, आदल्या दिवशी गावातच मुक्काम. आणि त्याच्याखाली मोठ्या ठळक अक्षरांत तीन चित्राक्षरं, तिन्ही माझ्या ओळखीची. समुद्र. पाणी. अंघोळ.

आता मला सांगा, तुम्ही काय अर्थ लावला असता? जपानमध्ये अंघोळ म्हणजे गरम पाणी, हे इथे उतरलेल्या माणसाला दुसऱ्या दिवशी कळतं. डोंगरातल्या गरम झऱ्यांच्या अंघोळी असतात, दुधाळ पाण्याच्या असतात, गंधकाच्या असतात. मग समुद्राचं पाणी तापवून केलेली का नसावी? खारं पाणी गुडघ्यांना चांगलं. सासूबाईंचे गुडघे दुखतात. मला तर त्या पत्रकात देवाचा हात दिसला.

मी रात्रीच्या जेवणाला जाहीर केलं, "आई, आपण समुद्राच्या पाण्याच्या अंघोळीला जायचं."

सासूबाईंचा घास थांबला. "माघात?"

"हो. सूर्योदयाच्या वेळी."

"म्हणजे समुद्रस्नान."

"तेच ते."

त्यांच्या चेहऱ्यावर मी पहिल्यांदा 'बरंय'च्या पलीकडचं काहीतरी पाहिलं. "माझी आई आम्हाला माघात पहाटे कृष्णेवर न्यायची," त्या म्हणाल्या. "लग्न झाल्यापासून राहिलंच ते. इथे करतात हे लोक?"

"इथे तर फार करतात," मी म्हणाले.

सानिकाने पत्रक उलटंसुलटं करून पाहिलं. "ममा, चिगाउ. हे—"

"मोठी माणसं बोलताना मध्ये बोलू नये."

(ही सूचना मी तिला का दिली, यावर पुढे खूप चर्चा झाली. मी एवढंच म्हणेन की शिस्त ही शिस्त असते.)

नाव नोंदवायला मी स्वतः फोन केला. पलीकडे मोरिता-सान नावाचे गृहस्थ होते, तेच वाटाडे. खणखणीत आवाज, पण बोलणं किनाऱ्यावरच्या गावचं, भराभर आणि निम्मं गिळलेलं. त्यांनी मला बरेच प्रश्न विचारले. सासूबाईंचं वय ऐकून तर चार प्रश्न जास्त विचारले. कळले नाहीत त्या सगळ्यांना मी "हाय, दाइजोबु देस" म्हणजे "हो, काही हरकत नाही" असं उत्तर दिलं. नऊ वर्षं मी असंच करत आले आहे आणि तोवर त्याने माझं काही बिघडलं नव्हतं. एकदा फक्त घरी एक वर्तमानपत्र सुरू झालं होतं.

मग मी सासूबाईंना तयार करायला घेतलं. जपानी सार्वजनिक स्नानगृहात अंगावर एक धागाही चालत नाही, आणि हे त्यांना आयत्या वेळी कळलं तर प्रसंग ओढवेल, म्हणून मी आठवडाभर आधीच विषय काढला.

"आई, एक सांगायचं होतं. तिथे ना... सगळ्या बायका काही न घालता उतरतात."

सासूबाई मेथी निवडत होत्या. काडी हातातच राहिली. "काही न घालता?"

"काहीच नाही."

"उघड्यावर?"

"उघड्यावरच असतं बहुतेक ठिकाणी. तशी मजा असते म्हणतात."

"आणि पुरुष?"

"त्यांची सोय वेगळी. मध्ये भिंत असते."

"समुद्रात?"

"हो. बांबूची."

सासूबाई मान खाली घालून मेथी निवडू लागल्या. मला वाटलं, लाजल्या. आता कळतं की त्या मनातल्या मनात पॅसिफिक महासागरात बांबूची भिंत घालणाऱ्या या देशाचा विचार करत होत्या. शेवटी म्हणाल्या, "ज्यांना जसं करायचं तसं करू देत. मी माझी जुनी नऊवारी नेसून जाईन. मकरंदला मात्र नेऊ नकोस."

मकरंद आलाच. गाडीत जेवणाचे डबे आणि पिशव्या धरायला कोणीतरी हवं होतं.

शनिवारी दुपारी दोन गाड्या बदलून आम्ही त्या गावात पोचलो, एका घरगुती मुक्कामाच्या ठिकाणी उतरलो, आणि पहाटे पाचला मोरिता-सान दारात उभे राहिले. पंचाहत्तरीचे, समईच्या वातीसारखे बारीक, डोक्याला दिवा बांधलेला. बरोबर दहाबारा माणसं, सगळी निवृत्त. त्यातल्या एक आजी एक्याऐंशी वर्षांच्या होत्या. सगळे आमच्याकडे पाहून कौतुकाने वाकत होते. सासूबाईंकडे पाहून तर जरा जास्तच वाकत होते. मला वाटलं, परदेशी पाहुण्यांचा मान.

हवा दोन अंशांवर होती. मी अंगात जाड निळं जाकीट, आत दोन स्वेटर आणि पायात नवेकोरे बूट घातले होते. तपकिरी, आतून लोकर लावलेले, घोट्याच्या वरपर्यंत. याच प्रवासासाठी घेतले होते. सासूबाईंच्या अंगात स्वेटर, शाल आणि चेहऱ्यावर एक प्रकारची घाई.

फेरी पाऊण तास चालली. सूर्य आपणहून वर येतो, त्याला आणायला जावं लागत नाही, हे माझं प्रामाणिक मत आहे. पण मोरिता-सान आम्हाला टेकडी चढवून एका छोट्या देवळाशी घेऊन गेले, तिथून उतरवून कोळ्यांच्या धक्क्यावर नेलं, तिथून पुन्हा वाळूत. वाटेत दर पन्नास पावलांवर थांबून ते काहीतरी दाखवत. हा दगड, ही शेवाळाची जात, इथे अमुक मासा लागतो. सानिका ते आजीला मराठीत सांगत होती, तेही कुणी न बजावता. एरवी तिच्याकडून एक पूर्ण मराठी वाक्य काढायचं तर मला तीनदा ओरडावं लागतं.

"आजी, ते म्हणतात की आज पाणी छान शांत आहे."

"हो का? देव पावला," सासूबाई म्हणाल्या.

'अंघोळीचं पाणी शांत असणारच,' असं माझ्या मनात आलं. इतकी मी निश्चिंत होते.

वाळूवर पोचलो तेव्हा पूर्वेला नारिंगी पट्टा उमटला होता. एका बाजूला शेकोटी पेटवलेली. दोन तंबू उभारलेले. मंडळींनी गोलात उभं राहून हातपाय हलवायला सुरुवात केली. मी शेकोटीपाशी जाऊन हात शेकत उभी राहिले आणि स्नानगृहाची इमारत कुठे दिसते का ते बघू लागले. तेवढ्यात सासूबाई माझ्याजवळ आल्या आणि हळूच म्हणाल्या, "मेघना, भिंत कुठेय गं?"

"कुठली भिंत?"

"बांबूची."

"ती आत असेल, आई."

"कशाच्या आत?"

प्रश्न रास्त होता. मी मोरिता-सानांकडे गेले आणि माझ्या चांगल्या जपानीत विचारलं, की माफ करा, पण अंघोळीची जागा कुठे आहे?

मोरिता-सान हसले. त्यांनी दोन्ही हात पूर्ण पसरले, हळूहळू वळले, आणि मला अख्खा पॅसिफिक महासागर दाखवला. टोकापासून टोकापर्यंत.

मग त्यांनी अंगातला कोट काढला. आत पांढरा लंगोट होता. बाकी काही नव्हतं.

मी सानिकाकडे वळले. ती पोहण्याच्या पोशाखावर टॉवेल गुंडाळून उभी होती. म्हणजे हा पोशाख तिने घरून आणला होता. म्हणजे तिला माहीत होतं.

"तू सांगितलं का नाहीस?"

"सांगत होते," ती शांतपणे म्हणाली. "मोठी माणसं बोलत होती."

"या तीन अक्षरांचा अर्थ काय होतो?"

"समुद्रात पोहायला जाणं. हे पहिलीतल्या मुलांना पण येतं, ममा."

मी मकरंदला शोधलं. तो एका खडकावर चढून मोबाइलने सूर्योदय टिपायच्या तयारीत होता. मी त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "पण तुझं जपानी चांगलं आहे ना?" आणि पुन्हा मोबाइलमध्ये बघू लागला. संसारात काही क्षण असे येतात की समोर समुद्र आहे आणि माणूस खडकाच्या कडेला उभा आहे, याचा आपण फार विचार करू नये.

मी धावत बायकांच्या तंबूकडे गेले. सासूबाईंना थांबवायला हवं होतं. बहात्तर वर्षं, दुखरे गुडघे, दोन अंश हवा, आणि पुण्याच्या नणंदेला मी काय उत्तर देणार होते? तंबूचा पडदा बाजूला झाला आणि सासूबाई बाहेर आल्या. जुनी सुती नऊवारी, काष्टा घट्ट मारलेला, हातात छोटा तांब्या. कपाळाला ताजं कुंकू. मागोमाग एक्याऐंशीच्या आजी पोहण्याच्या पोशाखात.

"यांनी तर सगळं घातलंय," सासूबाई मला म्हणाल्या. आवाजात सुटका होती आणि थोडी तक्रारही. "उगीच आठ दिवस माझ्या जिवाला घोर लावलास."

"आई, ऐका. गैरसमज झालाय. हे पाणी गार आहे."

"मग?"

"म्हणजे खरा समुद्र आहे हा."

"खोटा कुठे असतो?"

"मला वाटलं होतं की तापवलेलं असेल."

सासूबाईंनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग समुद्राकडे, मग परत माझ्याकडे. "एवढा?" त्या म्हणाल्या.

आणि निघाल्या. मोरिता-सान त्यांच्या एका बाजूला, एक्याऐंशीच्या आजी दुसऱ्या बाजूला, सानिका पुढे. किनाऱ्यापासून आत एक जाड दोर ताणून धरलेला होता, तो धरून सगळे ओळीने उतरले. कमरेच्या पुढे कुणी जायचं नाही असं मोरिता-सान बजावत होते. मी काठावरून "आई, पाच मिनिटांवर थांबू नका", "आई, गुडघे", "आई, शाल तरी" असं जमेल ते ओरडत होते. सासूबाई घोट्यापर्यंत पाण्यात गेल्या, थांबल्या, वाकून पाण्याला हात लावून तो कपाळाला लावला आणि मागे वळून मला म्हणाल्या, "हवेपेक्षा पाणीच ऊबदार आहे गं. कृष्णेचं याहून गार असायचं."

मग त्या कमरेपर्यंत गेल्या. सूर्याची कड वर आली. सासूबाईंनी तांब्या भरून अर्घ्य दिलं आणि एकेका नदीचं नाव घेत तीनदा बुडी मारली. दोराजवळचे दहाबारा जपानी लोक हात जोडून उभे राहिले. लंगोटातले मोरिता-सानसुद्धा.

मला तिथे कुणीच विचारत नव्हतं. माझ्या अज्ञानावर एवढा सुंदर कार्यक्रम उभा राहिला होता आणि त्यात माझी गरज नव्हती, याचा मला भयंकर राग आला. मी पाण्यापासून दहा पावलांवर एका खडकावर जाऊन बसले. चालण्यात डाव्या बुटात वाळू गेली होती, ती टोचत होती. मी बूट काढला, झटकला, आणि क्षणभर शेजारी ठेवला. मोज्यातली वाळू काढायची होती.

शांत समुद्रातही अधूनमधून एक लाट थोडी पुढे येते, असं मोरिता-सानांनी वाटेत समजावलं होतं म्हणे. सानिकाने नंतर सांगितलं. ती लाट आली, खडकाला वळसा घातला, माझा बूट उचलला आणि परत निघाली.

मी पाहत राहिले. बूट उभाच्या उभा तरंगत चालला होता, होडीसारखा. लोकर लावलेला, नवाकोरा, आयुष्यात पहिल्यांदाच पायात घातलेला. माझ्या डोक्यात त्या सकाळचं सगळं एकत्र झालं. पत्रक, मकरंद, भिंत, पहिलीतली मुलं. आणि आता हा बूट. मी उठले आणि एका पायात बूट, एका पायात मोजा अशी समुद्रात धावत गेले.

पाणी पोटऱ्यांपर्यंत आलं तेव्हा माझा श्वासच थांबला. तोंडातून जे आलं ते कुठल्याही मराठी माणसाच्या तोंडून येतं तेच आलं.

"आई! आई गं!"

दोराशी उभ्या असलेल्या सासूबाई गर्रकन वळल्या.

बूट बरोबर त्यांच्याच दिशेला चालला होता. मी त्याच्यामागे. गुडघ्यापर्यंत, मांड्यांपर्यंत. "आई गं, आई गं" हे चालूच होतं, ते बंद करणं माझ्या हातात नव्हतं. मग दुसरी लाट आली आणि मी आडवी झाले. जाकिटात हवा भरली होती, त्यामुळे मी बुडलेही नाही. पालथ्या घातलेल्या टोपासारखी नुसती डुगडुगत राहिले. तोंडात खारं पाणी, डोळ्यांत केस. कुणीतरी माझ्या मानेमागून जाकीट पकडलं आणि मला उभं केलं. एका बाजूला लंगोटातले मोरिता-सान होते. दुसऱ्या बाजूला सासूबाई.

"बू," मी म्हणाले. दात इतके वाजत होते की पुढचं अक्षर येईना. "बू... बू..."

"काय गं, काय?"

"बू... बू..."

सासूबाईंचा चेहरा पार बदलला. त्यांनी ओल्या हातांनी माझे दोन्ही गाल धरले. "नाही गं बुडाले मी," त्या म्हणाल्या. "बुडी मारली नुसती. तुला वाटलं मी बुडाले? वेडी का तू? पोहता येत नाही आणि धावत आलीस?"

त्यांच्या खांद्यावरून मला माझा बूट दिसत होता. तो दोराच्या पलीकडे गेला होता आणि अमेरिकेकडे तोंड करून संथपणे निघाला होता.

मी बोलू शकले असते. पाण्यात नाही, पण शेकोटीपाशी पोचल्यावर तरी नक्कीच. पण तोवर मोरिता-सानांनी सगळ्यांना गोळा करून घडलेला प्रकार सांगितला होता, आणि त्यात 'ओयाकोको' हा शब्द चारदा आला. हा मात्र मला अंदाज न लावता येतो. आईवडिलांची सेवा. एक्याऐंशीच्या आजी डोळे पुसत होत्या. मला तीन ब्लँकेटं आणि गरम सूपचा वाडगा दिला गेला. मोरिता-सानांनी माझ्यापुढे कमरेतून वाकून नमस्कार केला, आणि लंगोटातल्या पंचाहत्तरीच्या माणसाने आपल्याला तसा नमस्कार केला की खरं सांगायचं धैर्य उरत नाही.

सानिका माझ्या मोज्याकडे बघत होती. "ममा, कुत्सु..." कुत्सु म्हणजे बूट.

"काय म्हणतेय ती?" सासूबाईंनी विचारलं.

"काही नाही, आई. घाबरलीय पोर."

सानिकाने माझ्याकडे असं पाहिलं की मी त्या दिवसापासून तिला "मध्ये बोलू नकोस" म्हणालेली नाही.

खडकावरून मकरंद उतरून आला. त्याने म्हणे सगळं टिपलं होतं. त्या व्हिडिओत सूर्य वर येतो आहे, फार सुंदर, लालबुंद, आणि मागून कुठूनतरी माझा आवाज येतो आहे : आई, आई गं. बस, एवढंच. तो त्याने तिथल्या तिथे घरच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, 'आईला वाचवायला मेघना समुद्रात.' पंधरा मिनिटांत पुण्याच्या नणंदेचा फोन. ती रडत होती. वाईचे मामा रडत होते. ज्या जाऊबाई माझ्याशी मागच्या दिवाळीपासून बोलत नव्हत्या, त्यांनीही हात जोडलेलं चित्र पाठवलं.

मी परतीचा प्रवास एका पायात बूट आणि दुसऱ्यात मुक्कामाच्या ठिकाणची हिरवी प्लास्टिकची चप्पल घालून केला. जपानमध्ये अशा वेळी तुमच्या पायांकडे कुणी बघत नाही. सगळा डबा दोन तास छताकडे बघत होता.

त्यानंतरचे दिवस फार कठीण गेले. मला दोन दिवस ताप होता आणि सासूबाई, ज्यांनी तीन डुबक्या मारल्या होत्या, ठणठणीत होत्या. त्या मला आल्याचा काढा करून द्यायच्या. पायाला तेल लावायच्या. एक दिवस बिछान्याशी बसून म्हणाल्या, "तेरा वर्षं मला वाटायचं की तू जरा अलिप्त आहेस. कामापुरती. माझंच चुकलं."

मी डोळे मिटून घेतले. खरं तर तेव्हाच सांगायला हवं होतं. तोंड उघडलंही होतं. पण माझ्यासाठी कढी करायला त्या उठल्या, आणि सासूबाईंची कढी उत्तम असते. शिवाय मला राग येत होता. तेरा वर्षं मी यांच्यासाठी खरोखर जे केलं, पथ्याची जेवणं, डॉक्टर, वाढदिवस, त्याला 'बरंय'. आणि जे केलंच नाही, त्याला तेल आणि कढी. आता हा न्याय आहे का? पण तक्रार करावी तर कुणाकडे? तक्रार करायची तर आधी बूट सांगावा लागणार.

सासूबाई वाईला परत गेल्या. चैत्रात त्यांनी हळदीकुंकू केलं, आणि बायका जमल्यावर मला व्हिडिओ कॉल लावला. पडद्यावर वीसपंचवीस चेहरे, कैरीची डाळ, पन्हं. सासूबाईंनी गोष्ट सुरुवातीपासून सांगितली. लाटा आता माडाएवढ्या झाल्या होत्या. दोर तुटला होता. मोरिता-सानांना त्यांनी पूर्ण कपडे घातले होते, ते मात्र बरं केलं. बायका पदराने डोळे टिपत होत्या.

"छान सून मिळाली हो तुम्हाला," कुणीतरी म्हणालं.

"छानच आहे," सासूबाई म्हणाल्या. मग पडद्याजवळ तोंड आणून मला विचारलं, "मेघना, सांग गं यांना. एवढ्या गार पाण्यात उडी घेतलीस, भीती नाही वाटली? काय आलं तुझ्या मनात?"

पंचवीस चेहरे पडद्याजवळ सरकले. माझ्या मागे सानिका अभ्यास थांबवून ऐकत होती.

"मनात काही आलंच नाही, आई," मी म्हणाले. "डोळ्यांसमोर एकच दिसत होतं, आणि ते आपल्याला सोडून लांब चाललंय, एवढंच कळत होतं."

बायकांना हुंदका आवरेना. आणि यात मी एक शब्दही खोटा बोलले नव्हते. मला ते अजूनही तसंच दिसतं. तपकिरी, आतून लोकरीचं, डाव्या पायाचं.